आजीचा ताप

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका शाळेत शनिवारी पालकांनी मुलांशेजारी बसून गणितं सोडवायची होती. तिथे शिकणाऱ्या लिगायाची आई हाँगकाँगला नोकरीला, म्हणून जायचं होतं आजीला, चटया विणण्यात हयात गेलेल्या सलुदला.

"म्हातारपणी फळ्यापुढे हसं करून घेऊ होय? आपल्या घरात गणित कुणाच्या बापाला आलंय!" ती खेकसली. लिगाया एकटीच गेली आणि भाताचा डबा घरीच विसरली.

चरफडत डबा घेऊन सलुद वर्गाच्या दारात पोचली, तर नात बाईंना सांगत होती, "आजी तापाने फणफणलीय. नाहीतर आली असती."

सलुदने ते ऐकलं. पोर तिची अब्रू झाकत होती.

"ताप नाही बाई मला, भीती वाटते," ती आत येत म्हणाली. "सरक गं, खोटारडे. पेन्सिल दे."