गाणाऱ्या बाईचा सिनेमा

मावशींनी तो सिनेमा शेवटपर्यंत कधीच बघितला नाही. एका गायिकेच्या आयुष्यावरचा जुना हॉलिवूडपट. मोठ्या आजारातून उठून ती पुन्हा स्टेजवर येते, सगळा हॉल उभा राहतो आणि तिथेच मावशी व्हीसीआर बंद करायच्या. "ह्याच्यापुढे काही चांगलं होणार नाही," म्हणायच्या.

मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत होते. शनिवारी थंडीत बस पकडून ह्या मानलेल्या मावशींकडे जेवायला जायची. जेवणं झाली की कॅसेट लागायची. "मॉम, नॉट अगेन!" म्हणत त्यांची मुलगी उठून जायची. मावशींना इंग्रजी बेताचंच यायचं. "शब्द कळत नाहीत गं, पण ती श्वास कुठे चोरते ते कळतं."

कळणारच. लग्नाआधी नागपुरात वडिलांच्या गायन पार्टीत त्या भीमगीतं गायच्या. जयंतीच्या दिवसांत ह्या वस्तीतून त्या वस्तीत. लग्न होऊन इकडे आल्या आणि गाणं राहिलं ते राहिलंच. काका संशोधक, अबोल. "त्यांनी कधी नको म्हटलं नाही. गा, असंही म्हटलं नाही," मावशी सांगायच्या. त्यात तक्रार नसायची, म्हणून ते जास्त लागायचं.

एका वर्षी आम्ही विद्यार्थ्यांनी जयंतीसाठी हॉल घेतला आणि मावशींना गायला राजी केलं. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन चालू करून त्या रियाज करायच्या, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. कार्यक्रमाला पांढरी साडी नेसून आल्या. काका पहिल्या रांगेत, मांडीवर नवाकोरा टेपरेकॉर्डर. पण भाषणं लांबत गेली. जो तो "दोनच मिनिटं" म्हणत माइक धरून बसला. शेवटी हॉलचा माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला.

"मावशी, पुढच्या वर्षी पहिलं गाणं तुमचंच," सूत्रसंचालक म्हणाला.

"हो रे, त्यात काय!" मावशींनी पदर खोचला आणि बाहेर लॉबीत जेवण वाढायला घेतलं. काकांनी टेपरेकॉर्डर गुपचूप कोटाखाली घेतला.

पुढची जयंती येण्याआधी मावशींचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तब्येत सुधारली, पण आवाज फाटला. वर चढेचना. "भाजीत मीठ कमी आहे, हे सांगण्यापुरता आहे की," त्या हसून म्हणायच्या. आम्हाला हसू यायचं नाही.

मला कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला नोकरी लागली, तेव्हा काकांनी एअरपोर्टला सोडलं. मावशींनी दारातच मला जवळ घेतलं. अर्धी वाट संपल्यावर काका आपणहून बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"कार्यक्रमात ऐकू म्हणून मी थांबलो बघ. एखाद्या रविवारी घरातच मी तिला म्हणायला हवं होतं, 'बस, एक गाणं म्हण.' लगेच म्हटलं असतं तिने."

गाडी हायवेला लागली. लेन बदलत ते पुन्हा म्हणाले,

"आता तिला 'गा' असं म्हणताही येत नाही."