दाखला अडवणारा फोन

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं विसरले. हे विसरले नाही.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मी हवालदार होते. पडताळणीचं काम माझ्याकडे. कॅनडात गेलेल्या एका पोराला तिथे कायम राहायची परवानगी हवी होती. त्यासाठी 'गुन्हा नाही' असा पोलिसांचा दाखला लागत होता आणि मुदत संपत आली होती. मी चौकशीला निघणार, तोच ठाण्यात फोन आला.

"त्याले दाखला देऊ नका. परतवाड्यात एका मानसाले गाडीनं उडवून पळाला थो. आता नोकरी बी नाई, कालेजात शिकून राहिला. तिकडं पक्का झाला का सापडत नाई मंग."

नाव न सांगता माणसाने फोन ठेवला. दाखला थांबवावाच लागला. परतवाडा ठाण्यात विचारलं, तशी नोंद नव्हती. नंबर कोणाचा ते कळायला वेळ होता, म्हणून पोराचं घर गाठलं.

बाप म्हणाला, "पोरगा मोठ्या कंपनीत हाय."

"मंग कालेजात कोन जाते?"

त्याने दार लोटून घेतलं. "कंपनीनं काढलं, मॅडम. कामाचा व्हिसा संपून राहिला होता, म्हनून कालेजात नाव टाकून विद्यार्थ्याचा घेतला. नाई तं वापस यावं लागलं असतं. सोयरीक जमून राहिली, गावात बोलू नका. आमी दोघं नवरा-बायको अन् थो, चौथ्याले मालूम नाई."

फोनचं सांगितल्यावर बापाने आपल्या चुलतभावांवर संशय घेतला. पण ज्यांना कॉलेजचं ठाऊकच नाही, ते फोनवर कसं बोलतील?

नंबर अकोल्याचा निघाला. पोराच्या मामाचा. त्याला ठाण्यात बसवलं. चहा दिला नाही.

"मी काहून भाच्याचं वाईट करू, मॅडम?"

"कालेजचं कोनं सांगतलं तुले?"

"ताईनं. फोन बी तिनंच करायले लावला."

आई आली. रडली नाही.

"नोकरी गेली तवा वाटलं, आता येते. तं थो शाळेत जाऊन बसला! पक्का झाला का मले जाळायलेच येईन."

"हे त्याले समजलं तं?"

"समजू द्या. भांडायले तरी येईन."

अपघात खोटा होता. मामाचा जबाब घेऊन त्याला समज दिली आणि त्याच दिवशी साफ अहवाल पाठवला. पोराला परवानगी मिळाली.

तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, याचं वाकडं कोणाशी? त्यानंतर मी आणखी एक विचारू लागले: हा गेला तर कोणाला करमणार नाही? ती माणसंही चौकशीला बसवावी लागतात.