भांग कुठनं?

"भांग कुठनं पाडायचा, राव?"

खुर्चीतलं पोरगं गोंधळायचं. निरीक्षणगृहात आल्यापासून त्याला कुणी काही विचारलेलंच नसायचं. नुसतं सांगितलेलं असायचं. मामा कंगवा धरून थांबायचे. उत्तर आल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हा त्यांचा नेम.

त्यांचं केशकर्तनाचं दुकान रहिमतपूरला. सोमवारी दुकान बंद. तो सुट्टीचा दिवस ते गुन्ह्याच्या आरोपाखाली आणलेल्या या मुलांना द्यायचे. मीही सोमवारीच शिकवायला जायचे. पूर्वी इथे सगळ्यांच्या डोक्यांवर सरसकट मशीन फिरायचं. ते मामांनी बंद पाडलं. "आवं ताई, भादरलेलं डोकं म्हंजे शिक्काच की. पोरगं सुटतंय, पर शिक्का घरापातूर जातोय."

माझ्या पिशवीत तेव्हा या मुलांच्या हक्कांवर मीच लिहिलेली पत्रकं असायची. त्यातलं 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हे या मुलांचं कायद्यातलं नाव मामांनी कसंबसं वाचलं. "एवढा लांब शबूद? ह्या एवढ्याशा डोक्यावर?" असं म्हणून त्याच कागदाला त्यांनी वस्तऱ्याचा साबण पुसला. "कागद मातूर लय झ्याक हाय!" मी रागावले, मग हसले.

वडूजकडचा एक मुलगा आला. बोलताना अडखळायचा. वर्गातल्या पोरांनी वर्षभर त्याची नक्कल केली. एकदा चौघांनी धरून त्याची भुवई भादरली. त्याने शिक्षकांना सांगितलं, तर म्हणाले, "पोरंच ती. चेष्टा करणारच." मग एक दिवस त्याने स्टंपने एकाचं डोकं फोडलं. टाके पडले, फिर्याद झाली. फुटलेलं डोकं सगळ्यांना दिसलं. भुवई कुणाच्याच कागदावर नव्हती. तुम्ही-आम्ही असाच न्याय करतो.

तो डोक्याला हात लावू देईना. चार सोमवार मामा नुसते त्याच्यासमोर बसले, स्वतःचेच पांढरे केस विंचरत. पाचव्या सोमवारी तो आपणहून खुर्चीत बसला.

"डा... डा..."

मामांनी त्याचा शब्द पुरा केला नाही. थांबले.

"...डावीकडनं."

"व्वा गड्या! सायबच दिसतूयास."

त्याची सुटका ठरली, त्याच आठवड्यात मामा भाचीच्या लग्नाला सांगलीला गेले. सोमवारी ते नव्हते. तपासणी येणार होती. उवांचं निमित्त झालं आणि मशीन निघालं. दोघांनी त्याला धरलं. तो ओरडत होता. मी कायदा सांगत राहिले, मशीन चालत राहिलं.

गुरुवारी तो सुटला, शनिवारी शाळेत गेला. फाटकातच कुणीतरी ओरडलं, "रिमांडचं टक्कल आलं रं!" दप्तर तिथेच टाकून तो गेला. लोणंद स्टेशनात दिसला होता, एवढाच माग लागला.

तेव्हापासून मामा सोमवारी सकाळचं काम उरकून लोणंद गाठायचे. फलाटावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांची डोकी बघायचे. "येकच सोमवार चुकला, ताई," एवढंच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले. मी भेटायला गेले, तर उशाशी कंगवा. "चार म्हैनं झालं. आता पडत आसंल न्हवं त्याचा भांग?"

"पडत असेल, मामा."

आठवड्याभरात मामा गेले.

निरीक्षणगृहात आता दुसरा माणूस येतो, मशीन घेऊन. त्याच्याशी माझं भांडण चालूच आहे. दुपारी मी लोणंदला जाते. डावीकडून भांग पाडलेलं पोरगं दिसलं की पुढे होऊन नाव विचारते.

अजून एकही अडखळलेलं नाही.