समोरची पकड

ज्याला सही येत नाही, कागदावर अंगठा उठवावा लागतो, त्याला लोक अंगठेबहाद्दर म्हणतात. या माणसाची सही चांगली झोकदार होती, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढलेली. तरी सगळा रस्ता त्याला अंगठेबहाद्दरच म्हणायचा, कारण सायकलचं टायर रिमवर चढवताना तो लोखंडी पट्टीला कधी हात लावायचा नाही. दोन अंगठे, बस्स. रिमला घट्ट होणारं नवं, कडक टायर आलं की बाकीचे दुकानदार पट्ट्या घालून घालून घामाघूम व्हायचे, आतली ट्यूब चिमटून फोडायचे आणि शेवटी हात टेकून गिऱ्हाइकाला सांगायचे, "त्या बहाद्दराकडे जा." हे कानावर आलं की बहाद्दर मिशीतल्या मिशीत हसायचा. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःच्या अंगठ्यांवर त्याचा जीव जरा जास्तच होता.

दुकान म्हणजे एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. छत उतरतं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाचं डोकं आपटणार हे ठरलेलं. बहाद्दरने तिथे पांढऱ्या रंगात 'जपून' असं लिहिलं होतं, आणि ते वाचायला मान वर केली की माणूस हमखास आपटायचा. आत भिंतीला टांगलेली टायरं, पंक्चर शोधायची पाण्याची घमेली, साबणाचा डबा, आणि मधोमध जमिनीवर एक लाकडी खोकं उपडं घातलेलं. ते खोकं बायकोचं.

घट्ट टायरची एक गंमत असते. ते अडतं एकीकडे आणि त्याचं दुखणं असतं दुसरीकडे. टायर चढवायला सुरुवात करायची ती हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून, आणि संपवायचं व्हॉल्व्हपाशी. शेवटचा वीतभर तुकडा काही केल्या चढत नाही. अडाणी माणूस तिथेच जोर काढत बसतो. जाणता माणूस समोर बघतो. रिमच्या पोटात एक खोबण असते. समोरच्या बाजूची टायरची कड त्या खोबणीत दाबून बसवली तर इकडे थोडी ढील मिळते, आणि तेवढी ढील पुरते. पण ती कड तिथे सुखाने राहत नाही, वर येऊ बघते. म्हणून ती कोणीतरी धरून ठेवावी लागते.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. बायको जेवणाचा डबा घेऊन दुकानात आली, तर हा एका चाकाशी झटतोय. ती थोडा वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, त्या बाजूला ते वर येतंय."

"मग धर की," तो खेकसला.

तिने डबा खाली ठेवला, खोकं ओढलं, समोर बसली आणि दोन्ही हातांनी धरलं. टायर टपकन बसलं. त्या दिवसापासून चौतीस वर्षं ती त्या खोक्यावर बसली.

त्यांची एक रीत पडून गेली. चाक दोघांच्या मध्ये उभं. तो विचारायचा, "धरलंय का?" ती म्हणायची, "धरलंय." मग तो डोळे मिटायचा आणि अंगठ्यांनी शेवटचा जोर लावायचा. डोळे मिटले की अंगठ्यांना नीट दिसतं, असं त्याचं म्हणणं. यावर ती म्हणायची, "उघडे असताना तरी तुम्हाला काय दिसतं?" गिऱ्हाइकं हसायची. तोही हसायचा.

हा शब्द मग घरभर झाला. माळ्यावरचं सामान काढताना शिडीखालून "धरलंय." तापात तो फणफणला होता तेव्हा रात्रभर मनगट हातात ठेवून "धरलंय, झोपा." मुलगी झाली तेव्हा एकदाच उलटं झालं. ते इवलंसं गाठोडं तिने त्याच्या हातात दिलं आणि तिने विचारलं, "धरलंय ना नीट?" याने नुसती मान हलवली. एरवी लाडाच्या बोलांचं नाव नको. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. कौतुक अंगठ्यांचं करायचा. समोरच्या हातांचं कौतुक करायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटच्या दीड वर्षात तिच्या हातून वस्तू पडू लागल्या. एक कप, मग दुसरा, मग पाण्याचा तांब्या. "हातांना भोकं पडलीत का?" तो विचारायचा. ती केरसुणी घेऊन तुकडे गोळा करायची. आणि मग दुकानात तो दिवस आला. तीन गिऱ्हाइकं बघत उभी होती, चाक नवं होतं, ती "धरलंय" म्हणाली, याने डोळे मिटून जोर लावला आणि समोरची कड तिच्या हातून सुटली. टायर उसळलं, याचा अंगठा रिमवर घासून नखापर्यंत सोलवटला. लोकांसमोर फजिती झाली, ते त्याला अंगठ्यापेक्षा जास्त झोंबलं. तो म्हणाला, "धरवत नसेल तर सरळ सांग. दुसरं कोणी ठेवतो."

दुसऱ्या दिवशी खोक्यावर बसताना तिने मांडीवर एक जुनं जाड कांबळं घेतलं आणि चाकाची आपल्याकडची बाजू त्याखाली घेतली. कपड्यांना ग्रीस लागतं, म्हणाली. त्यानंतर तिची पकड एकदाही सुटली नाही. फक्त उत्तर यायला उशीर व्हायचा. तो "धरलंय का?" विचारायचा आणि मग बराच वेळ नुसती खुडबुड.

"झोपलीस काय?"

"धरलंय."

टायर बसायचं. अंगठे अजून शाबूत आहेत म्हणून तो खूश. घरात त्याच सुमारास वाढायचा मोठा चमचा हरवला. त्यावरूनही त्याने तिला आठवडाभर ऐकवलं.

आजार हातापायांची ताकद नेणारा होता. तो छातीपर्यंत पोचला तेव्हा तिला श्वास पुरेना आणि दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "हातांची पकड कधीपासून गेलीय?"

बहाद्दर म्हणाला, "पकड गेलेलीच नाही, डॉक्टर. परवापर्यंत दुकानात चाक धरत होती. मी समोर होतो ना."

हे त्याने ठासून सांगितलं, दोनदा. तोंडावर मास्क लावलेली ती त्याच्याकडे बघत होती. आपली बाजू कोणी घेतली की माणूस बघतो तसं बघत होती, असं त्याला तेव्हा वाटलं. अकराव्या दिवशी ती गेली.

त्याला आता चार महिने झाले होते. बहाद्दर दुकान उघडायचा, पंक्चर काढायचा, ब्रेक आवळायचा, पण घट्ट टायर आलं की परत पाठवायचा. एकदा समोरची बाजू गुडघ्यात दाबून बघितली, जमलं नाही. लोखंडी पट्टी घ्यायची तर ती इतक्या वर्षांत दुकानात आलीच नव्हती. लेक दुसऱ्या गावी असायची. ती फोनवर म्हणायची, "बाबा, एक तर पट्टी वापरा, नाहीतर दुकान बंद करून इकडे या." तो म्हणायचा, बघू. त्याला वाटायचं, पट्टी घेतली की ती गेली हे आपण कबूल केल्यासारखं होईल. खोक्यावर तो कोणाला बसू द्यायचा नाही आणि स्वतःही बसायचा नाही.

एका दुपारी नर्सबाई आल्या. दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस तिचं सगळं त्यांनीच केलं होतं. एका हातात सायकलचं पुढचं चाक, दुसऱ्या हातात नवं टायर. आत येताना 'जपून'वर त्यांचंही डोकं आपटलं.

"चार दुकानं फिरले," कपाळ चोळत त्या म्हणाल्या. "कोणाच्याच्यानं चढेना. सगळे म्हणतात तुमच्याकडे जा. संध्याकाळी मला घरोघरी पेशंट बघायचेत."

बहाद्दरने टायर हातात घेऊन कड दाबून बघितली आणि परत दिलं. "आता नाही होत माझ्याच्यानं. समोर धरायला माणूस लागतं."

"मी धरते."

"तुम्हाला नाही जमायचं. तिच्यासारखी पकड नाही कोणाची. शेवटपर्यंत तशीच होती."

नर्सबाई म्हणाल्या, "काका, एक बोलू? वर्षभर त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं. मला सांगायच्या ना. मूठच वळायची नाही त्यांची."

"ती चाक धरायची."

"त्या म्हणाल्या होत्या, चाक मी हाताने नाही धरत, पण ह्यांना सांगू नका. मी विचारलं, मग कशाने? तर नुसत्या हसल्या." मग त्याचा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरांना जे सांगितलंत त्याने काही बिघडलं नाही हो. ह्या दुखण्याला औषधच नव्हतं."

बहाद्दरने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो खाली बसला, खोक्यावरचं तिचं कांबळं बाजूला केलं आणि त्याने खोकं उलटं केलं.

आतल्या बाजूला खिळ्याला एक पट्टा अडकवलेला होता. लेकीच्या शाळेच्या दप्तराचा, दोन टोकं गाठ मारून जोडलेला. आणि त्याच्या वेढ्यात घरातला तो हरवलेला मोठा चमचा, मानेत वाकलेला.

त्याला समजावून सांगायची गरज नव्हती, तोही कारागीरच होता. पट्टा टायर-रिमभोवती घालायचा, त्यात चमचा खोचायचा आणि फिरवत राहायचं. मुठीची गरज नाही, मनगटाने ढकलला, कोपराने रेटला तरी फिरतो. प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो, कड खोबणीत आवळली जाते, आणि चमच्याचा दांडा स्पोकमागे अडकवला की झालं. उत्तर यायला एवढा वेळ लागायचा तो याचसाठी. तो "झोपलीस काय?" म्हणायचा तेव्हा ती कांबळ्याखाली कोपराने चमचा फिरवत असायची.

दुसरं कोणी ठेवतो, असं तो म्हणाला होता. ते दुसरं कोणी तिने स्वतःच ठेवलं होतं, आणि त्याला कळू दिलं नव्हतं.

त्याने खोकं पुन्हा उपडं घातलं, कांबळं त्यावर ठेवलं आणि तो तिच्या जागेवर बसला, पहिल्यांदाच. नर्सबाईंना म्हणाला, "चाक असं मध्ये उभं धरा." मग समोर बघितलं. त्या जागेवरून बरोबर त्याची बसायची जागा दिसत होती, बसलेल्या माणसाचं तोंडच दिसेल अशी. म्हणजे इतकी वर्षं तिच्यासमोर रोज त्याचं डोळे मिटलेलं तोंड होतं. पट्टा सोडवून लपवायला तिला तेवढाच वेळ मिळायचा आणि तेवढा पुरायचा, कारण टायर बसल्यावरही तो आधी आपल्या अंगठ्यांकडेच बघायचा. त्याने एकदा जरी वाकून समोर बघितलं असतं तरी सगळं दिसलं असतं. मध्ये एक चाक तर होतं, आणि चाकाला काय, सगळी भोकंच.

"काका," नर्सबाई म्हणाल्या, "राहू दे आज."

"नाही. तुमचे पेशंट आहेत."

त्याने टायर साबणाच्या पाण्यात भिजवलं, समोरून सुरुवात करत आणलं, वीतभर उरलं. व्हॉल्व्ह आत ढकलून घेतला. समोरच्या बाजूला पट्टा घातला, चमचा खोचला आणि मूठ न वळवता, फक्त मनगटाने फिरवायला गेला. चमचा दोनदा निसटून त्याच्या नडगीवर बसला. तिसऱ्यांदा कसाबसा अडकला. चांगली ताकद असलेल्या माणसाला एवढा वेळ लागला. तिला हे किती दिवस शिकावं लागलं असेल, आणि कधी शिकली असेल, तो दुपारी जेवून दुकानात पडायचा तेव्हा?

मग तो आपल्या जागेवर आला. अंगठे कडेवर टेकवले. अंगठे हलेनात. इतक्या वर्षांची सवय, विचारल्याशिवाय त्यांना जोर येत नव्हता.

"धरलंय का?" त्याने विचारलं.

नर्सबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या जागेवर आपण बोलू नये एवढं त्यांना समजलं. बहाद्दर थांबला. ती जितका वेळ लावायची बरोबर तितका वेळ थांबला, आणि या वेळी झोपलीस काय असं म्हणाला नाही. मग त्याने जोर लावला, डोळे न मिटता. चाकाच्या आरपार त्याला खोकं दिसत होतं, खोक्यावर कांबळं, आणि पट्ट्यात अडकलेला चमचा, जो काही केल्या सुटत नव्हता.

टायर टपकन बसलं.

"बसलं," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "आता तो पट्टा सोडा, काका, म्हणजे मी निघते."

तो पट्टा सोडायला समोर गेला, गुडघ्यावर बसला आणि चमच्यावर हात ठेवून तसाच राहिला. "थांबा जरा," तो म्हणाला. "अजून धरलंय तिने."