गड्ड्यातली घोंगडी

त्या वर्षी मी संशोधन सोडायचं ठरवलं होतं. यकृत आणि स्वादुपिंडाच्या आजारांवर सोलापुरात बसून काम करायचं, याचीच लोकांना गंमत वाटे. स्वादुपिंडात खडे झालेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला असतो. त्याची नळी उघडायची, खडे काढायचे, ती आतड्याला जोडून द्यायची, अशा शस्त्रक्रिया मी वर्षानुवर्षं करत आलो होतो. मी गिरणी कामगाराचा मुलगा. वर आलो तो भांडून आणि घासाघीस करून. मुंबईच्या परिषदेत एका बड्या सर्जनने माझा शोधनिबंध ऐकून एवढंच विचारलं, "पण हे रोगी आज जिवंत आहेत कशावरून?" सभागृह हसलं. ते हसू मी विसरलेलो नाही.

ते मलाही ठाऊक नव्हतं, हे त्याहून वाईट. खेड्यातला माणूस दुखणं थांबलं की दवाखान्याकडे फिरकत नाही. मी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली जोडकार्डं पाठवली, एकही परत आलं नाही. मेली तर नसतील ही माणसं? शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी हात पूर्वीसारखे चालत, पण हा प्रश्न मनातून हलत नसे. फार थकलो होतो.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरला. मी काही भाविक नव्हतो, तरी तळ्यातल्या देवळात सिद्धेश्वरासमोर जाऊन उभा राहिलो, आणि तोही व्यवहार करायलाच. "माझी उमेदीची वर्षं मी दिली. त्या माणसांचं काय झालं ते आता तू सांग, नाहीतर उद्यापासून सगळं बंद." आणि चिडूनच बाहेर पडलो.

मैदानावर एका घोंगडीवाल्याशी माझी जुंपली. त्याच्या किमतीच्या निम्म्यावर मी अडून बसलो, तो हटेना, माझा आवाज चढला. तशी मागे बसलेली त्याची बायको पुढे आली आणि मला निरखत नवऱ्याला म्हणाली, "अवं, ह्यो आवाज वळखला का? तुमाला दवाखान्यात शेंगाची चटणी चारली म्हनून माज्यावर असाच वरडला हुता की!"

"डाक्टरसायेब व्हय?" म्हणत त्याने भर बाजारात सदरा वर केला. पोटावरचा व्रण माझ्याच शस्त्रक्रियेचा होता. करकंबचा धनगर, माझ्याकडे आला तेव्हा नुसता सापळा होता.

"मग माझ्या कार्डाला उत्तर का दिलं नाहीस?"

"दवाखान्याचा कागद बघून घाबरलो की. म्हटलं, परत फाडायला बोलवत्यात."

"तुमची समदीच मानसं घाबरली," बायको हसली. "इचारा की त्यास्नी. तितं झाडाखाली हायती."

दवाखान्याच्या आवारात रोग्यांचे नातेवाईक तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करत. त्या धुरावरून मी रोज त्यांच्यावर खेकसत असे. एकमेकांचं मीठ आणि सरपण वापरता वापरता ती माणसं सोयरी झाली होती, आणि दर गड्ड्याला एकत्र जेवायचं ठरवून गेली होती. मला याचा पत्ताच नव्हता.

झाडाखाली पंगत बसली होती. ज्यांना मी फक्त आडवं पडलेलं पाहिलं होतं, ती माणसं मांडी घालून भाकरी मोडत होती. टेंभुर्णीचा हमाल तर ओळखूच आला नाही. सगळे नव्हते. माळशिरसचा एकजण पुन्हा दारूकडे वळला आणि गेला. त्याची बायको मात्र भाकऱ्या घेऊन आली होती. तीच मला म्हणाली, "तुमी दिल्याली वर्सं पोरीचं लगीन बघाया पुरली, सायेब. बसा, जेवा." मी बसलो. वाढणारीने माझ्या भाकरीवर शेंगाची चटणी ठेवली.

यात्रेला सगळा जिल्हा लोटतो, कोणीतरी भेटणारच, हे मलाही कळतं. पण ज्यांची काळजी एकटा वाहतोय असं मी समजत होतो, त्यांना कुणीतरी आधीच एका पंगतीत आणून बसवलं होतं. काम मी सोडलं नाही. मुंबईचा राग अजून अधूनमधून उफाळतो, पण पूर्वीसारखा मुक्कामाला राहत नाही.

जेवून घोंगडी घ्यायला परतलो. "डाक्टर असला तरी भाव त्योच हां," घोंगडीवाल्याची बायको म्हणाली. सांगितली ती किंमत मी देऊन टाकली, जन्मात पहिल्यांदाच. जाताना पुन्हा देवळात शिरलो. मागायचं काही आठवेना. नवी घोंगडी खांद्याला टोचत होती. तशीच घेऊन, हात जोडून उभा राहिलो.