सातबाऱ्यावरची अक्का

आखाजीच्या आदल्या दिवशी विमलअक्का दाराला कुलूप लावायची. अंगावर घडी मोडलेली साडी, हातात रेक्झिनची पिशवी, आणि धुळ्यातल्या देवपुरात आमच्या गल्लीत प्रत्येक दारासमोर थांबून एकच निरोप: "माहेरले जास बरं. दोन दिन मन्ह्या तुळशीले पानी टाकज्यात." मग ताठ मानेने ती स्टँडच्या दिशेने चालू लागायची. गल्ली म्हणायची, अक्का नशीबवान, साठी उलटली तरी माहेर टिकून आहे.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशात आखाजी म्हणतो. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. भाऊ न्यायला येतो, झाडाला झोके बांधले जातात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. त्या दोन दिवसांत जी बाई माहेरी गेली नाही, तिच्याबद्दल लोक आधी हळहळतात आणि मग चौकशी करतात. चौकशीचा भाग जास्त वाईट.

आम्ही अक्काच्या शेजारची खोली भाड्याने घेतली त्याला तिसरं वर्ष होतं. सासूबाईंचा पाय मोडल्यामुळे मी त्या आखाजीला माहेरी जाऊ शकले नव्हते आणि त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. दुपारी भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. अक्का तर काल गेली, दाराला कुलूप आहे, मग आत कोण? मी लाटणं घेऊन मागच्या बोळात शिरले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत अक्का जमिनीवर बसून कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. चूल पेटवली तर धूर दिसेल, कुकर लावला तर शिटी होईल, म्हणून आदल्या दिवशीच भाकरी करून ठेवल्या होत्या.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग लाटण्याकडे. "चोरले पोया करी खावाडनार व्हती का?" म्हणाली आणि सरकून मला जागा करून दिली.

मला हसूही आलं आणि रडूही. स्टँडपर्यंत जायचं, फलाटावर तासभर बसायचं, आणि बोळातून घरी परत यायचं. हे ती अकरा वर्षं करत होती. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "भाऊनी इज्जत शे. भाऊ लेवाले येत नही, हाई गल्लीले कसं सांगू?" ज्या भावाने तिचं माहेर तोडलं, त्याची अब्रू ती कोरडी भाकरी खाऊन सांभाळत होती. मला त्या भावाचा तेव्हापासून राग आहे, आणि तो लपवायचा माझा विचार नाही.

अक्काचं माहेर साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेचं. सतराव्या वर्षी लग्न झालं, दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली, आणि अक्का परत आली. गावात परत आलेल्या मुलीला तोंड लपवून जगावं लागतं. तिच्या बापाने, नथ्थूआबांनी, तिला तोंड लपवू दिलं नाही. पाच वर्षं ती बापाबरोबर शेतात राबली, आणि मग त्यांनीच तिला नर्सच्या कोर्सला पाठवलं. पुढची सारी नोकरी जळगाव जिल्ह्यात पहूरच्या बाजूला झाली, आणि निवृत्तीनंतर ती देवपुरात येऊन राहिली. धाकटा भाऊ सुकदेव तेव्हा लहान होता. त्याची शाळेची दप्तरं, त्याच्या लग्नातले कपडे, सगळं अक्काच्या पगारातून. हे तिने मला कधी सांगितलं नाही. तिच्या एका जुन्या सोबतिणीकडून कळलं.

नर्स म्हणून ती कशी होती ते पहूरकडच्या बायका अजून सांगतात. हात हलका, बोल जड. मुलगी झाली की बाहेर बसलेल्या बापाचं तोंड उतरायचं. अक्का दुपट्यातलं बाळ त्याच्या मांडीवर ठेवून म्हणायची, "पोर ऊनी. आते सातबारावर जागा ठेव." बाप कसनुसा हसायचा. अक्का हसायची नाही. सुट्टी देताना बाळंतिणीला लोहाच्या गोळ्यांबरोबर एक वाक्य मिळायचं: "साडी फाटस, वावर फाटत नही." वावर म्हणजे शेत हे ठाऊक असूनही पहिल्यांदा ऐकणारीला ते कोडं वाटायचं. बाप वारल्यावर भाऊ साडी घेऊन आला की तिला ते कळायचं.

ती रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वडील गेले की बहिणींची नावं वारस म्हणून सातबाऱ्यावर चढतात. मग भाऊ हक्कसोडीचा कागद तयार करतो, बहिणींना जेवायला बोलावतो, साडी-चोळी करतो, आणि बहिणी निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करून येतात. सही केली की माहेर राहतं. नाही केली तर गाव म्हणतं, बहीण भावाच्या पोटावर उठली.

नथ्थूआबा गेल्यावर अक्काने सही केली नाही. वाटा मागितला का? नाही. दाणाही मागितला नाही. सुकदेवला तिने एवढंच सांगितलं, "पीक तू खा. मन्हं नाव ऱ्हाऊ दे. मी मरनू का बठ्ठं तुन्हंच शे." ती देवपुरातल्या एका वकिलाला विचारून आली होती. मूलबाळ नसलेल्या बाईला बापाकडून आलेली जमीन तिच्यामागे बापाच्याच वारसांकडे जाते. म्हणजे भावाकडेच. तिला फक्त जिवंतपणी त्या कागदावर असायचं होतं. परत पाठवलेली, कोणाच्या घरात न मावलेली बाई, आणि तिचं नाव बापाच्या नावाखाली, भावाच्या शेजारी. मला तर यात कोणाचं काही जाताना दिसत नाही. सुकदेवला मात्र गावभर तोंड दाखवायची लाज वाटली. त्या वर्षापासून आखाजीला न्यायला येणं बंद झालं.

आणि मग एका आखाजीच्या आदल्या दिवशी तो आला. सकाळी आठला, हातात आंब्यांची पेटी, काखेत साडीचं पुडकं. मी पाट्यावर चटणी वाटत होते. दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, तुले लेवाले ऊनू." अक्का उठली. आत गेली. पिशवी भरायला एरवी तिला पाच मिनिटं लागायची, त्या दिवशी अर्धा तास लागला. त्या पिशवीत वर्षानुवर्षं फक्त जुनी वर्तमानपत्रं असायची, ती तिला आधी काढावी लागली. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने भावाला मिरवलं. "हाऊ मन्हा भाऊ," प्रत्येक दारात. माझ्या दारात तर दोनदा.

चार वाजता अक्का परत आली. एकटीच. पुढच्या दाराने, सगळ्यांच्या समोर कुलूप उघडून आत गेली. मी चहा घेऊन गेले तर तिच्या डाव्या अंगठ्याला शाई होती.

तिने सांगितलं ते असं. साक्रीला एसटीतून उतरल्यावर सुकदेव म्हणाला, कचेरीत जरा काम आहे. तिथे भाचा उभा होता, दोन साक्षीदार उभे होते, कागद टाईप करून तयार होता. भाच्याचं लग्न ठरत होतं. मुलीच्या बापाने आधी सातबारा मागवून पाहिला आणि विचारलं, ही बाई कोण? आत्याचं नाव निघालं तरच साखरपुडा, असा निरोप आला होता. आमच्याकडे मुलगा बघायला जातात तेव्हा मुलाच्या आधी सातबारा बघतात. त्यात आत्या सापडणं म्हणजे खोट सापडणं.

अक्का बाकावर बसली, पाणी मागितलं, आणि सही करायची ठरवली. हे तिने मला सरळ सांगितलं. भाच्याचं लग्न आपल्या नावापायी अडायला नको. फोटो निघाला, अंगठे झाले. मग साहेबांनी सगळ्यांना विचारतात तो प्रश्न विचारला. कागद वाचलात का, स्वखुशीने करताय का? अक्का म्हणाली, "वाचला. सही करते साहेब, पण स्वखुशीने हा शब्द काढा."

साहेब म्हणाले, तो शब्द काढता येत नाही, खुशी नसेल तर दस्त होत नाही. सुकदेव कानाशी येऊन म्हणाला, "शब्दच शे अक्का. म्हनी टाक." अक्का म्हणाली, "शब्दच शे तं काढी टाक."

दस्त झाला नाही. सुकदेवने स्टँडवर तिची पिशवी धुळ्याच्या गाडीत ठेवली आणि गाडी सुटायच्या आत निघून गेला. साडीचं पुडकं भाच्याच्या हातातच राहिलं.

"एक हो म्हनाले काय जात व्हतं?" हे मला नाही, तिने स्वतःलाच विचारलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ती शाई लागलेला अंगठा पदराने पुसत होती, पुसत होती. साहेबांच्या त्या प्रश्नाला मीही उत्तर दिलेलं आहे. माझ्या वडिलांनंतर सहा महिन्यांनी, जळगावच्या कचेरीत, मोरपंखी साडी नेसून. साहेबांनी पुरतं विचारायच्या आतच मी हो म्हणाले होते, आणि घरी येऊन गुलाबजाम खाल्ले होते. मला दरवर्षी भाऊ न्यायला येतो. ते मी त्या दिवशी अक्काला सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही. याची मला लाज वाटते.

भाच्याचं लग्न नंतर दुसरीकडे झालं. अक्काला पत्रिका आली नाही. ती आता आखाजीला कुलूप लावत नसे. दार उघडं टाकून ओट्यावर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या लेकीबाळींना पाणी विचारायची, आणि कोणी विचारलंच, माहेरी नाही गेलात, तर म्हणायची, "नही गऊ." एवढंच. गल्लीने चौकशा केल्या, कुजबुज केली आणि मग कंटाळून सोडून दिलं. खोटं बोलायचं थांबल्यावर ती जास्त एकटी झाली, असं मला वाटतं. आधी निदान दोन दिवस तिच्या कल्पनेत तरी माहेर असायचं. संध्याकाळी मी पोळी घेऊन जायचे, तर ती अर्धी खायची आणि अर्धी झाकून ठेवायची. कोणासाठी, हे मी विचारलं नाही.

गेल्या माघात अक्का गेली. दोन दिवस छातीत दुखत होतं, नर्स असून कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, दुपारी सगळं संपलं. सुकदेवला मीच फोन लावला. बायकोने उचलला, म्हणाली, निघताहेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही वाट पाहिली आणि मग पांझरेच्या काठी माझ्या नवऱ्याने अग्नी दिला.

सुकदेव आला तो तीन आठवड्यांनी. अंगाने खूपच वाळला होता. अक्काच्या बंद दाराकडे त्याने पाहिलं नाही. माझ्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला की मृत्यूचा दाखला पाहिजे, सातबाऱ्यावरचं नाव कमी करायला तलाठ्याकडे द्यायचा आहे. या माणसासाठी मी मनात बरंच काही जमवून ठेवलं होतं. मी आतून दाखला आणून त्याच्या हातात दिला.

तो जेमतेम चौथी शिकलेला. त्याने कागद गुडघ्यावर पसरला आणि नावाखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला लागला. विमल नथ्थू. एकदा वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, नाव बरोबर शे ना? सातबारावर शे तसंच पाहिजे. थोडं बी इकडतिकडे व्हयनं तं तलाठी परत धाडस."

बरोबर आहे, मी म्हणाले. त्याने तरी खिशातून सातबारा काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि आपल्या बहिणीचं नाव दोन्हीकडे सारखं आहे की नाही ते बोटाने पुन्हा तपासत राहिला.