सासूचा हलव्याचा सेट

दुबईला थंडी नसते असं जो म्हणतो, त्याला मी एकदा जानेवारीत पहाटे रास अल खैमाच्या डोंगराखाली उभं करणार आहे, तेही बिनस्वेटरचं. अहो, अमिरात म्हणजे एवढासा देश, पण त्याला दोन समुद्र आणि मधे डोंगर. इकडे दात वाजतात आणि डोंगरापलीकडे लोक पंखा लावून झोपतात. हे मला कुठल्या टीव्हीवाल्याने नाही शिकवलं. मंजुषाताईने शिकवलं, आणि तिला ते हलव्याने शिकवलं.

हलवा म्हणजे संक्रांतीचा, तिळावर साखरेचा पाक चढवून केलेला, काटेरी. मंद आचेवर परात, त्यात तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि बोटांनी फिरवत बसायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. असं दिवसचे दिवस. बोटांची सालं जातात. एवढं करून हवा गार आणि कोरडी नसेल तर काटा येतच नाही, नुसते गुळगुळीत वाटाणे होतात. दुबईच्या देरा भागात, खाडीला लागून आम्ही समोरासमोर राहायचो तेव्हा मंजुषाताईचे दरवर्षी वाटाणेच व्हायचे. तिथे जानेवारीतही बाल्कनीतली साडी संध्याकाळपर्यंत दमट. ती बिचारी साखरेला शिव्या द्यायची.

तिचा नवरा, आमचे दत्ताभाऊ. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणजे बांधकामाचं मोजमाप करणारे. माणूस म्हणजे नुसतं लोणी. कुणी पायावर पाय दिला तर हेच सॉरी म्हणणार. लग्नाआधी एकटे राहायचे तेव्हा नाशिकहून आलेल्या सुजीत नावाच्या पोराला त्यांनी आपल्या खोलीत ठेवून घेतलं, आपल्याच कंपनीत चिकटवलं. पुढे तो सुजीत त्यांचाच मॅनेजर झाला. त्याची बायको वैभवी. गोड बोलणं असं, की ऐकणाऱ्याला डायबेटिस व्हावा!

दोन हजार आठचं वर्ष संपता संपता मंदी आली आणि क्रेन थांबल्या. कर्ज मागे टाकून पळालेल्या कुणाची तरी गाडी रोज एअरपोर्टच्या पार्किंगात सोडलेली सापडायची. सगळ्या ऑफिसांत एकच विषय, काढून टाकायच्या यादीत कोण. दत्ताभाऊ म्हणायचे, सुजीत आहे ना, काळजी नको.

त्या संक्रांतीला वैभवीच्या घरी हळदीकुंकू होतं. हलवा कुणी केला? मंजुषाताईने. चार दिवस परातीसमोर बसून. वैभवीने तो चांदीच्या वाटीतून वाटला आणि "घरचाच आहे हं" असं सगळ्यांना सांगितलं. जाताना मंजुषाताईला मिठी मारून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताभाऊंच्या हातात टर्मिनेशन लेटर. यादी सुजीतने केलेली. स्वतःची खुर्ची वाचवायची तर कुणाचं तरी नाव हवं होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते याला.

पण खरी गंमत पुढे आहे. नोकरी गेली तसं घरही सोडायचं होतं. सामान बांधायला आम्ही शेजारणी गेलो होतो, तेव्हा हे नवरा-बायको दोघं आले. भेटायला म्हणे! वैभवी डोळे पुसत म्हणाली, "मला हे दोन दिवस आधीच बोलले होते गं. पण म्हटलं, सणाच्या दिवशी कशाला सांगायचं?" म्हणजे हिला माहीत होतं. माहीत असून हिने मंजुषाताईकडून चार दिवस हलवा वळून घेतला! मग तिची नजर परातीवर गेली. ती जाड पितळी परात मंजुषाताईने पुण्याच्या तांबट आळीतून स्वतःच्या पहिल्या पगारातून घेतलेली. "ही कशाला ओझं नेतेस? पुण्यात परातींना काय तोटा? मला राहू दे, आठवण म्हणून." आणि सुजीतने ती उचलून काखेत मारलीसुद्धा. दारातून निघताना वैभवीने मंजुषाताईच्या पाठीवरून हात फिरवला. "यात कुणाचाच दोष नाही गं. मनाला लावून घेऊ नकोस."

मंजुषाताई तशीच उभी राहिली, रिकाम्या खोलीत, आम्हा सगळ्या शेजारणींसमोर, तोंड उतरून. तिच्या जागी मी असते तर तीच परात हिसकावून टाळक्यात घातली असती.

पुढचं थोडक्यात सांगते. लेकीला ऐन दहावीच्या तोंडावर पुण्याला मावशीकडे पाठवावं लागलं. दत्ताभाऊंना ऐन वेळी रास अल खैमात एका खडीच्या कारखान्यात काम मिळालं, मग दोन-अडीच वर्षांनी अबुधाबीजवळ मुसफ्फाला एका फॅब्रिकेशन यार्डात स्टोअरकीपर. आयुष्यभर टॉवर मोजलेला माणूस नटबोल्ट मोजून द्यायला लागला. महाराष्ट्र मंडळात जाणं सोडलं, गाणी म्हणायचे तेही सोडलं. आणि दर संक्रांतीला मंजुषाताई वैभवीच्या नावाने बोटं मोडायला लागली की एकच वाक्य, "जाऊ दे, मंजू."

"मी नाही जाऊ देणार," ती मला म्हणायची. "मला तिची माफीबिफी नको. मी जशी उभी होते ना मुग्धा, तशी ती उभी राहिलेली बघायची आहे. चार लोकांत. तोंड उतरून. आणि का, ते तिला कळलं पाहिजे."

रास अल खैमात मात्र एक झालं. उत्तरेचा गार वारा, जवळ डोंगर, आणि तिच्या हलव्याला पहिल्यांदा काटा आला. साध्या स्टीलच्या ताटात! मग मुसफ्फाजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत भाड्याने घर घेतलं, समुद्रापासून आत, तिथेही पहाट गार. फक्त धुकं पडलं की काम बंद. ती उठल्या उठल्या खिडकीतून खालच्या गाड्या बघायची. काचा ओल्या असल्या तर तिळाला हात लावायची नाही. हळूहळू नाव झालं. नव्या सुनांच्या पहिल्या संक्रांतीचे, बाळांच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने म्हटले की अबुधाबीपासून शारजापर्यंत बायका तिलाच फोन करायच्या.

आणि दोन हजार सोळाच्या डिसेंबरात मला फोन आला. "मुग्धा, हबीबी, ओळखलंस का? वैभवी!" तिच्या मुलाचं, सिद्धांतचं लग्न झालं होतं, सून प्रज्ञा, काळ्या साडीवर हलव्याचे दागिने घालायचे होते. "ती मंजुषा करते ना गं? तिचा नंबर दे ना." मी म्हटलं, नंबर कशाला, घरीच घेऊन जाते. माझ्याही पोटात आग होती, खोटं कशाला बोलू?

आली. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आपलं किती वर्षांचं नातं, नाही?" जळ्ळं मेलं ते नातं! सुजीत आता डोंगरापलीकडे फुजैराला मोठ्या हुद्द्यावर होता, समुद्राकाठी व्हिला. "किती घेशील? तीनशे दिरहॅम? म्हणजे साडेपाच हजार रुपये झाले की गं, पुण्यात तर..."

"पैसे नकोत," मंजुषाताई म्हणाली. "माझी परात दे."

"कुठली परात?"

खरंच विसरली होती. नाटक नव्हतं ते. मंजुषाताईचा चेहरा मी बघितला, आणि मला वाटलं आता ही तिला हाकलते. पण ती शांतपणे म्हणाली, "पितळी. देऱ्यातून नेलेलीस."

"अगं बाई, ती होय! बाल्कनीत मनी प्लांट लावलाय तिच्यात. पाठवते की ड्रायव्हरबरोबर. आणि ऐक ना, मलाही एक सेट कर. सासूचा. मुकुट, ठुशी, बाजूबंद, सगळं मॅचिंग. फोटोत छान दिसेल."

मंजुषाताईने तिची मापं लिहून घेतली. मग तिने विचारलं, "कार्यक्रम घरात की बाहेर?"

"बाहेर गं, लॉनवर! अगदी समुद्राला लागून. ऊन उतरलं की सुरू करू."

"करते," मंजुषाताई म्हणाली, आणि हसली. ते हसू मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

वैभवी गेल्यावर तिने मला सांगितलं. "फुजैराला उत्तरेचा वारा पोचतच नाही. डोंगर आडवा येतो. संध्याकाळी समुद्रावरून जी ओली हवा सुटते ना, ती कच्च्या पाकाला तासभरसुद्धा उभं राहू देत नाही."

"आणि पक्क्या पाकाला?"

"पक्का दोन-तीन तास खेचतो. सुनेचा पक्का करणार. ती पोर कुठे होती दोन हजार नऊला? शाळेत. तिचं मी वाकडं नाही करणार."

परात आली ती मातीसकट. मंजुषाताईने चिंच-मीठ लावून ती घासघास घासली, मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमधून कल्हई करून आणली, आणि तिच्यात प्रज्ञाचा हलवा वळला. रोज पहाटे, शाल लपेटून, धुक्याचे दिवस सोडून. काय काटा आला होता! सासूचा सेट मात्र नॉनस्टिक तव्यावर, दोन दुपारींत, अर्ध्याकच्च्या पाकाचा. एसीच्या खोलीत ठेवला की ठणठणीत, पांढराशुभ्र, दिसायला सुनेच्यापेक्षा भारी. दत्ताभाऊ येता-जाता दोन्ही डब्यांकडे बघत होते. त्यांना कळलं असणारच. पण या वेळी "जाऊ दे" म्हणाले नाहीत.

शुक्रवारी मीच गाडी चालवली. दत्ताभाऊ येणार नाहीत असं मी धरून चालले होते, तर इस्त्रीचा शर्ट घालून आधीच खाली उभे. निघालो तेव्हा अंगात स्वेटर होते. डोंगर ओलांडून फुजैरात उतरलो आणि स्वेटर काढून मागच्या सीटवर टाकले. काच खाली केली तर हवा अंगाला चिकटत होती. मंजुषाताईने हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली आणि मान हलवली.

लॉनवर अख्खं मंडळ जमलेलं. प्रज्ञा काळ्या साडीत, डोक्यापासून कमरेपर्यंत हलव्याने मढलेली, गोड दिसत होती पोर. आणि तिच्या शेजारी वैभवी, सुनेपेक्षा मोठा मुकुट घालून. फोटो चालू. गाणी चालू. मी घड्याळ बघतेय, मंजुषाताई समुद्र बघतेय. दत्ताभाऊ मागे कठड्यापाशी खुर्ची घेऊन बसलेले.

ऊन उतरलं. लाटांवरून वारा आला. आधी वैभवीचा बाजूबंद घसरला. तिने तो वर सरकवला तर दाणे बोटांना चिकटले. मग ठुशीला पाझर फुटला. गळ्यावरून साखरेचे ओघळ काळ्या साडीवर, पांढरे पांढरे. मुकुट एका कानावर आला आणि बदकन सुनेच्या ओटीत पडला. कॅमेरावाला थांबला, गाणं थांबलं. सिद्धांत ओरडला, "मॉम, यू आर मेल्टिंग!" आणि जो हशा पिकला म्हणता! आणि सुनेचे दागिने? काटासुद्धा हलला नव्हता.

वैभवी हात पसरून उभी. चिकट, ओघळलेली, चार लोकांत. अहाहा! मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. मंजुषाताई पुढे झाली. तिने वैभवीच्या पाठीवरून हात फिरवला आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाली, "यात कुणाचाच दोष नाही गं. मनाला लावून घेऊ नकोस."

आणि वैभवी काय म्हणाली माहितेय? "छे गं, तुझा कसला दोष! किती गोड आहेस तू!" आणि मंजुषाताईच्या गळ्यात पडून स्वतःच हसत सुटली. लोकही तिच्याबरोबर हसले. तिला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. परात नाही, ते वाक्यही नाही. मंजुषाताईच्या हाताला साखर चिकटली होती आणि उलट तिचंच तोंड खर्रकन उतरलं. आठ वर्षं जपलेली गोष्ट, आणि समोरची घेतच नाही! माझा असा संताप झाला की मी सगळ्यांसमोर सांगूनच टाकणार होते.

पण मग मला सुजीत दिसला. टिश्यूचा डबा घेऊन तो बायकोकडे धावत आला होता, आणि दोन पावलांवर खिळला होता. त्याला आठवलं होतं. तेव्हा दारात परात काखेत मारून तोच उभा होता ना! चेहरा पार पांढरा पडला. डबा त्याने सुनेच्या हातात दिला, टेबलावरची तिळगुळाची ताटली उचलली आणि सगळ्या लॉनवरून चालत मागे कठड्यापाशी गेला. मंजुषाताईने माझा दंड घट्ट धरला.

"दत्ता," तो म्हणाला. "तिळगूळ घे." आणि ताटली पुढे धरली.

मंजुषाताई पुटपुटली, "घेतील. हे घेतील बघ." मलाही तेच वाटलं. लोणी ते लोणीच.

दत्ताभाऊंनी त्याच्याकडे नीट वर बघितलं. लोक आता इकडे बघायला लागले होते. मग ते उठले, शर्ट सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनी गोड बंद केलंय, सुजीत." आणि आमच्याकडे वळून, "मंजू, निघायचं का? तिकडे धुकं पडायच्या आत घरी पोचू."

आम्ही निघालो. फाटकातून मी मागे बघितलं, तर सुजीत अजून ताटली पुढे धरून त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. कुणी त्याच्याजवळ जात नव्हतं.

गाडीत बसलो. मंजुषाताई बोटांची साखर पुसत होती. घाट चढलो, डोंगर ओलांडला, आणि काचेतून एकदम गार वारा आत आला. मागे बसलेल्या दत्ताभाऊंनी स्वेटर ओढून घेतला, मग हात पुढे केला.

"मंजू, परातीतला हलवा उरलाय ना? डबा दे इकडे."

तिने दिला. त्यांनी मूठभर हलवा तोंडात टाकला आणि कडाकडा चावायला लागले. मला राहवेना. "अहो दत्ताभाऊ, आणि डॉक्टर?"

"कुठले डॉक्टर?" त्यांनी विचारलं, आणि दुसरी मूठ भरली.